वरचा ठोकळा खालच्याच्या पुढे कसा गेला?

पत्र

आदरणीय सर,

मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते. न्यूटनचे नियम मला समजतात आणि एकाच ठोकळ्याची उदाहरणेही सुटतात. मात्र एकावर एक ठेवलेले दोन ठोकळे आले की माझे उत्तर हमखास चुकते. दोन उदाहरणे लिहिते. पहिल्यात गुळगुळीत जमिनीवर ४ किलोग्रॅमचा ठोकळा, त्यावर २ किलोग्रॅमचा ठोकळा, दोघांमधील घर्षण गुणांक ०.४ आणि खालच्या ठोकळ्यावर १२ न्यूटनचे आडवे बल आहे. मी घर्षण बल ०.४ × २० = ८ न्यूटन घेतले. त्यावरून वरच्याचे त्वरण ८ ÷ २ = ४ आले आणि खालच्याचे (१२ − ८) ÷ ४ = १ आले. पुस्तकातील उत्तर दोघांसाठीही २ आहे. दुसऱ्यात ठोकळे तेच आहेत, पण जमीन खडबडीत असून तिचा घर्षण गुणांक ०.२ आहे, आणि १५ न्यूटनचे बल वरच्या ठोकळ्यावर आहे. खालच्या ठोकळ्याचे त्वरण मला (८ − १२) ÷ ४, म्हणजे उणे १ मिळाले. पुस्तकात शून्य आहे. दोन्ही वेळा सूत्र मी बरोबर वापरले होते. घर्षणाची दिशा कशी ठरवायची आणि दोन ठोकळे एकत्र केव्हा धरायचे, याचा काही ठाम नियम आहे का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तू चुकलेली उत्तरेही आकड्यांसह लिहिलीस. घर्षणाच्या उदाहरणांत चूक कोठे झाली हे बहुधा उत्तरातच दिसत असते. आपण मात्र ते पुस्तकातील उत्तराशी जुळते की नाही एवढेच पाहतो आणि पान उलटतो. म्हणून सूत्राकडे वळण्यापूर्वी तुझ्याच दोन उत्तरांकडे नीट पाहू. या लेखात त्वरणे सर्वत्र मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात आहेत आणि गुरुत्व त्वरण तुझ्याप्रमाणेच १० घेतले आहे.

पहिल्या उदाहरणात बल खालच्या ठोकळ्यावर आहे. वरच्याला कोणी हात लावलेला नाही. तो पुढे जातो, कारण खालचा ठोकळा त्याला आपल्याबरोबर नेतो. तुझ्या उत्तरानुसार मात्र खालच्याचे त्वरण १ आणि वरच्याचे ४ आहे, म्हणजे ज्याच्या पाठीवर बसून तो निघाला आहे त्यालाच मागे टाकून वरचा ठोकळा पुढे सटकतो. ट्रॅक्टर सुरू होताच ट्रॉलीतले सोयाबीनचे पोते ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर जाऊन आदळले, असे कोणी सांगितले तर तू त्यावर विश्वास ठेवशील का? ट्रॅक्टर झटक्याने निघाला तर पोते मागे घसरते, हे खेड्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. दुसरे उत्तर तर याहून विलक्षण आहे. दोन्ही ठोकळे स्थिर होते, वरच्याला पुढे ओढले, आणि जमिनीच्या घर्षणाने खालच्या ठोकळ्याला उलट दिशेने चालायला लावले! स्थिर जमीन तिच्यावर सरकणाऱ्या वस्तूला थांबवू शकते आणि सरकू पाहणाऱ्या वस्तूला धरून ठेवू शकते. स्थिर उभ्या असलेल्या ठोकळ्याला मागे ढकलत नेणे तिला शक्य नाही.

दोन्ही उत्तरे बिघडण्याचे कारण एकच आहे. घर्षण गुणांक आणि अभिलंब बल (पृष्ठभागाने वस्तूवर लंब दिशेने लावलेले बल) दिसताच तू त्यांचा गुणाकार केलास आणि आलेली संख्या घर्षण बल म्हणून आकृतीत लिहून टाकलीस. गुणाकार बरोबर होता, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर होता तो प्रश्न तेथे विचारलेलाच नव्हता. पृष्ठभाग एकमेकांवर सरकत नसतात तोपर्यंत त्यांच्यातील घर्षण स्थितिक असते, आणि स्थितिक घर्षणाचे मूल्य ठरलेले नसते. त्या गुणाकाराने फक्त त्याची कमाल मर्यादा कळते. किराणा दुकानदाराने एखाद्या घराला महिन्याला ८००० रुपयांपर्यंत उधारीची मुभा दिली, म्हणून महिनाअखेरीस त्या घराच्या नावावर ८००० रुपयेच निघत नाहीत. ४००० रुपयांचा माल नेला असेल तर वहीत ४००० च मांडलेले असतात. तुझ्या पहिल्या उदाहरणात ८ न्यूटन ही उधारीची मर्यादा आहे. प्रत्यक्ष उचल किती झाली, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमालाच विचारावे लागते.

या सूत्राचा उगम पाहिला तरी हे स्पष्ट होते. भार दुप्पट केला तर घर्षणही दुप्पट होते आणि वस्तू आडवी ठेवली की उभी यावर ते अवलंबून नसते, हे नियम फ्रान्समधील आमाँताँ यांनी १६९९ मध्ये प्रयोगांवरून मांडले. पुढे १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कूलोम यांनी, म्हणजे विद्युत प्रभाराचे एकक ज्यांच्या नावाने आहे त्यांनीच, सरकायला लावण्यासाठी लागणारे बल आणि सरकत ठेवण्यासाठी लागणारे बल यांचा वेगवेगळा अभ्यास केला. दोघांनीही वस्तू सरकण्याच्या बेतात असताना किंवा सरकत असताना मोजमाप केले होते. त्याअलीकडे, वस्तू निवांत बसलेली असताना घर्षण किती असते, याविषयी हे सूत्र काहीही सांगत नाही.

आता पहिले उदाहरण सोडवू. सुरुवातीला केवळ गृहीत म्हणून असे धरू की दोन्ही ठोकळे एकमेकांवर सरकत नाहीत. मग दोघे मिळून ६ किलोग्रॅमची एकच वस्तू होते, जमीन गुळगुळीत असल्यामुळे आडवे बाह्य बल १२ न्यूटनचेच राहते आणि त्वरण २ येते. यानंतर वरच्या ठोकळ्याकडे एकट्याने पाहायचे. २ किलोग्रॅमला २ चे त्वरण मिळायचे तर त्यावर ४ न्यूटनचे बल हवे, आणि आडव्या दिशेने त्याला स्पर्श करणारी वस्तू फक्त खालचा ठोकळा असल्यामुळे हे ४ न्यूटन घर्षणाकडूनच आले पाहिजेत. लागणारे घर्षण ४ न्यूटन, मिळू शकणारे जास्तीत जास्त ८ न्यूटन. गृहीत टिकले, उत्तर २, आणि उदाहरण संपले.

बल वाढवत नेले तर हे गृहीत केव्हा मोडेल, हेही लगेच काढता येते. वरच्या ठोकळ्याला घर्षणाचे ८ न्यूटनच मिळू शकत असल्यामुळे त्याचे त्वरण ४ पेक्षा अधिक होऊ शकत नाही; दोघांनी मिळून ४ च्या त्वरणाने जायचे तर ६ × ४ = २४ न्यूटन बल लागते. खालच्या ठोकळ्यावर २४ न्यूटनपर्यंत बल लावले तर दोघे बरोबर जातील, त्यापुढे वरचा मागे पडू लागेल. आता हेच बल वरच्या ठोकळ्यावर लावून पाहा. या वेळी घर्षणावर अवलंबून राहणारा ठोकळा ४ किलोग्रॅमचा आहे; ८ न्यूटनमध्ये त्याला २ चेच त्वरण मिळते, म्हणून दोघे बरोबर जाण्याची मर्यादा ६ × २ = १२ न्यूटनवर येते. ठोकळे तेच, पृष्ठभाग तेच, तरीही एका बाबतीत २४ आणि दुसऱ्या बाबतीत १२. हा फरक मी वर्गात नेहमी फळ्याच्या मधोमध लिहीत असे, कारण ‘कोणत्या ठोकळ्यावर बल आहे’ हे न वाचता उदाहरण सोडवणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. घर्षणाच्या जिवावर कोण चालले आहे, हे पाहण्याची सवय लाव; मर्यादा त्याच्या वस्तुमानावरून ठरते.

खालच्या ठोकळ्यावर ३० न्यूटन लावले तर काय होईल? बरोबर जाण्याचे गृहीत धरले तर त्वरण ५ येते, वरच्याला १० न्यूटन घर्षण लागते आणि ते मिळू शकत नाही. गृहीत मोडले, म्हणून ठोकळे सरकतात, आणि आता कोठे गुणाकाराचे सूत्र थेट वापरण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. मात्र त्यात गतिक, म्हणजे प्रत्यक्ष सरकत असतानाचा, घर्षण गुणांक वापरायचा, जो सामान्यतः स्थितिक गुणांकापेक्षा थोडा कमी असतो. तो ०.३ आहे असे मानू. घर्षण ६ न्यूटन, वरच्याचे त्वरण ३, खालच्याचे (३० − ६) ÷ ४ = ६. शेवटी ताळा पाहायचा: खालचा अधिक वेगाने पुढे जातो आहे, वरचा त्यावरून मागे घसरतो आहे, म्हणून वरच्यावरील घर्षण पुढच्या दिशेने असणे योग्य आहे. तुझ्या मूळ उत्तरात नेमका हाच ताळा बसत नव्हता.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण तू हे स्वतःहून शोधशील आणि गोंधळशील. वरील आकडे घेऊन ठोकळे आधीच सरकत असताना बल २० न्यूटनवर आणले, तर खालच्याचे त्वरण (२० − ६) ÷ ४ = ३.५ आणि वरच्याचे ३ राहते. सरकणे चालूच राहते. पण ठोकळे स्थिर असताना सुरुवातीपासूनच २० न्यूटन लावले असते तर ते सरकले नसते, कारण मर्यादा २४ ची आहे. १८ आणि २४ न्यूटनच्या मधल्या पट्ट्यात उत्तर आधी काय घडले होते त्यावर अवलंबून असते. प्रवेश परीक्षांतील बहुतेक उदाहरणांत एकच गुणांक दिलेला असल्यामुळे हा पट्टा नाहीसा होतो आणि ही अडचण कधी समोर येत नाही. ‘सुरुवातीला दोन्ही ठोकळे स्थिर आहेत’ हे वाक्य मात्र प्रश्नात उगाच लिहिलेले नसते.

आता दिशेविषयी. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्य तू शाळेत पाठ केले असशील, आणि एका ठोकळ्याच्या उदाहरणांत ते चालूनही जाते. दोन ठोकळे आले की त्याच वाक्याने घात होतो, कारण बल खालच्या ठोकळ्यावर असेल तर वरच्या ठोकळ्यावरील घर्षण त्याच्या गतीच्याच दिशेने असते. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत, त्यांचा उपयोग कर. हलणे म्हणजे जमिनीच्या तुलनेत जागा बदलणे. सरकणे म्हणजे ज्याला टेकलो आहोत त्याच्या अंगावरून जाणे. घर्षण सरकण्याला विरोध करते, हलण्याला नव्हे. ट्रॉलीतील पोते हलते आहे पण सरकत नाही, आणि ते सरकू नये म्हणून ट्रॉलीचा तळ त्याला पुढे ओढतो आहे. आपण चालतो तेव्हा मागचे पाऊल जमिनीला मागे रेटते. ते मागे सरकू नये म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते, आणि म्हणूनच शेवाळलेल्या फरशीवर आपल्याला पुढे जाता येत नाही.

दिशा ठरवण्यासाठी मी एक युक्ती सांगत असे. त्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण क्षणभर पूर्णपणे नाहीसे झाले, असे मनात धर. मग विचार कर: हा ठोकळा त्या ठोकळ्याच्या तुलनेत कोणत्या बाजूला सरकेल? त्याच्या उलट दिशेने या ठोकळ्यावरील घर्षण असेल, आणि तिसऱ्या नियमाप्रमाणे त्या ठोकळ्यावर तेवढेच घर्षण विरुद्ध दिशेने असेल. ठोकळ्यांच्या आकृत्या वेगवेगळ्या काढल्याशिवाय हे नीट दिसत नाही. एकाच चित्रात दोन्ही ठोकळे आणि सगळे बाण घुसवले की कोणता बाण कोणाचा हे पाच मिनिटांनी तुलाच सांगता येणार नाही. दिशा चुकलीच तरी घाबरण्याचे कारण नाही, पण ते फक्त स्थितिक घर्षणाच्या बाबतीत: तेथे घर्षण अज्ञात म्हणून घेतलेले असल्यामुळे उत्तर उणे चिन्हासह येते आणि दिशा आपोआप सुधारते. गतिक घर्षणाचे मूल्य आपण स्वतः भरतो, म्हणून त्याची दिशा चुकली तर समीकरण तक्रार करत नाही आणि चुकीचे उत्तर निमूटपणे देऊन टाकते.

आता तुझे दुसरे उदाहरण. येथे दोन पृष्ठभाग आहेत, ठोकळ्यांच्या मधला आणि जमिनीचा, त्यामुळे चार शक्यता होतात: कोठेच सरकत नाही, फक्त मधल्या पृष्ठभागावर सरकते, फक्त जमिनीवर सरकते किंवा दोन्हीकडे सरकते. प्रथम दोन्ही मर्यादा काढून बाजूला लिहून ठेवायच्या. मधल्या पृष्ठभागावर ०.४ × २० = ८ न्यूटन; जमिनीवर ०.२ × ६० = १२ न्यूटन, कारण जमिनीवर दोन्ही ठोकळ्यांचा भार आहे. हे ६० तू बरोबर घेतलेस, अनेक जण तेथे ४० घेतात. आता कोठेच सरकत नाही असे धरले, तर वरच्या ठोकळ्याला थांबवण्यासाठी १५ न्यूटन घर्षण लागते, ते मिळत नाही. दोघे मिळून जमिनीवर सरकतात असे धरले, तर त्वरण (१५ − १२) ÷ ६ = ०.५ येते, वरच्यावर मागच्या दिशेने १४ न्यूटन घर्षण लागते, तेही मिळत नाही. म्हणून वरचा ठोकळा खालच्यावरून सरकतो, त्यावर ८ न्यूटन घर्षण आहे आणि त्याचे त्वरण ३.५ आहे. खालच्या ठोकळ्याला हे ८ न्यूटन पुढे ओढतात. त्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी जमिनीकडून ८ च न्यूटन हवे आहेत, आणि जमिनीची मर्यादा १२ ची आहे. जमीन ८ देते. तू तिच्याकडून १२ घेतलेस, आणि त्या जादा ४ न्यूटननी ठोकळा मागे गेला.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे. वरच्या ठोकळ्यावर १५ ऐवजी हजार न्यूटन लावले तरी खालचा हलणार नाही, कारण वरून त्याच्यापर्यंत ८ न्यूटनपेक्षा अधिक काही पोहोचूच शकत नाही. असे काही दिसले तर परीक्षेत पुढचे समीकरण न मांडता थेट शून्य लिहिता येते. म्हणूनच मर्यादा आधी काढून ठेवण्याचा माझा आग्रह असतो.

तू माध्यमाचा उल्लेख केलास म्हणून सांगतो. अकरावीत ‘नॉर्मल रिअ‍ॅक्शन’ हा शब्द कानावर पडला की मुले त्याचा अर्थ ‘नेहमीची प्रतिक्रिया’ असा मनात धरतात आणि ती नेहमी वजनाइतकीच असते असे समजतात. तुला ‘अभिलंब’ हा शब्द आधीपासून ठाऊक आहे, आणि पृष्ठभागाला लंब हा अर्थ त्या शब्दातच आहे. इंग्रजी पुस्तक वाचतानाही मनात अभिलंबच म्हणत जा. उतारावर अभिलंब बल वजनापेक्षा कमी असते, दोरीने तिरके वर ओढल्यावर आणखी कमी होते, आणि भिंतीवर दाबलेल्या वस्तूच्या बाबतीत तर त्याचा वजनाशी संबंधच उरत नाही, ते दाबणाऱ्या बलाइतके असते.

भिंतीवरून २०१५ च्या जेईई मेनमधील एक प्रश्न आठवतो, आणि तुझ्या अडचणीवर त्याच्याइतके चांगले औषध मला माहीत नाही. २० न्यूटन वजनाचा एक ठोकळा आणि १०० न्यूटन वजनाचा दुसरा ठोकळा आडव्या बलाने भिंतीवर दाबून धरले आहेत, जड ठोकळा भिंतीला लागून आहे. ठोकळ्यांमधील घर्षण गुणांक ०.१, जड ठोकळा आणि भिंत यांमधील ०.१५. भिंतीने जड ठोकळ्यावर लावलेले घर्षण बल किती? दाबणाऱ्या बलाचे मूल्य दिलेलेच नाही, आणि गुणाकाराची सवय असलेला विद्यार्थी तेथेच अडतो. पण दोन्ही ठोकळे स्थिर आहेत. दोघांना मिळून पाहिले तर खाली १२० न्यूटन वजन आहे आणि वर नेणारे बल फक्त भिंतीच्या घर्षणाचे आहे, म्हणून ते १२० न्यूटन. दोन्ही गुणांकांची गरजच पडली नाही. ते केव्हा लागतील? किमान किती बलाने दाबावे असे विचारले तर. हलक्या ठोकळ्यासाठी ०.१ पट बल किमान २० हवे, म्हणजे २०० न्यूटन, भिंतीसाठी ०.१५ पट बल किमान १२० हवे, म्हणजे ८०० न्यूटन. दोन्ही अटी पाळायच्या, म्हणून उत्तर ८०० न्यूटन.

ठोकळे एकावर एक नसून एकापुढे एक असतील तेव्हा ‘एकत्र धरायचे की नाही’ हा तुझा प्रश्न वेगळे रूप घेतो. ३७ अंशांच्या उतारावर प्रत्येकी २ किलोग्रॅमचे दोन ठोकळे एकमेकांना टेकून ठेवले आहेत, वरच्या बाजूच्या ठोकळ्याचा उताराशी घर्षण गुणांक ०.२५ आणि खालच्या बाजूच्याचा ०.५ आहे. एकेकटे सोडले असते तर वरच्याचे त्वरण १० × (०.६ − ०.२) = ४ झाले असते आणि खालच्याचे १० × (०.६ − ०.४) = २. मागचा अधिक वेगाने येऊ पाहतो, पुढचा रेंगाळतो, म्हणून मागचा पुढच्याला ढकलतो. दोघे ३ च्या त्वरणाने जातात आणि त्यांच्यातील स्पर्शबल २ न्यूटन येते. आता ठोकळ्यांच्या जागा बदल. पुढचा ४ ने निसटतो, मागचा २ ने येतो, आणि दोघांचा स्पर्श पहिल्याच क्षणी तुटतो. हे न पाहता दोघांना एकत्र धरले तर स्पर्शबल उणे २ न्यूटन येईल, म्हणजे ठोकळे एकमेकांना ओढत आहेत असा अर्थ होईल. मध्ये डिंक लावलेला नसेल तर ते शक्य नाही. टेकलेल्या पृष्ठभागांतील अभिलंब बल उणे आले की वस्तू वेगळ्या झाल्या असे समजावे.

आणखी एक प्रकार तुझ्या अभ्यासक्रमात लवकरच येईल, त्यात चूक वेगळ्या जागी होते. गुळगुळीत जमिनीवर ४ किलोग्रॅमची लांब फळी ६ मीटर प्रति सेकंद वेगाने चालली आहे, आणि तिच्यावर २ किलोग्रॅमचा स्थिर ठोकळा अलगद ठेवला. गतिक घर्षण गुणांक ०.३. येथे सरकणे पहिल्या क्षणापासून निश्चित आहे, म्हणून घर्षण ६ न्यूटन, ठोकळ्याचे त्वरण ३ आणि फळीचे मंदन १.५. दोघांचे वेग १.३३ सेकंदांनंतर ४ मीटर प्रति सेकंदावर जुळतात, आणि तोपर्यंत ठोकळा फळीवरून ४ मीटर मागे सरकलेला असतो. मुले येथपर्यंत बरोबर येतात आणि पुढेही ६ न्यूटन घर्षण चालूच ठेवतात, त्यामुळे ठोकळा फळीला मागे टाकून जातो. वेग जुळले त्या क्षणी सरकणे संपले, आणि पुढे एकाच वेगाने जाण्यासाठी कोणालाच कोणाच्या बलाची गरज नाही. घर्षण शून्य होते. ताळा ऊर्जेने घेता येतो: आधी ७२ ज्यूल, नंतर ४८ ज्यूल, गेलेले २४ ज्यूल, आणि ६ न्यूटन गुणिले ४ मीटर हेही २४ च.

तू ठाम नियम मागितला होतास. तो इतकाच आहे की सरकत नाही असे धरून लागणारे घर्षण काढावे, मर्यादेशी ताडून पाहावे, मर्यादा ओलांडली असेल तरच गतिक घर्षणाचे मूल्य भरावे, आणि शेवटी कोण कोणावरून कोणत्या दिशेला सरकते हे घर्षणाच्या दिशेशी जुळते का ते पाहावे. वेळ वाचवण्यासाठी यातील शेवटची पायरी गाळण्याचा मोह होईल. माझ्या मते गाळायचीच असेल तर दुसरी कोणतीही गाळ. तुझी दोन्ही चुकीची उत्तरे शेवटच्या पायरीवर अर्ध्या मिनिटात पकडली गेली असती.

सरावासाठी तुझ्याच दुसऱ्या उदाहरणात एक बदल करतो. ठोकळे तेच, मधला स्थितिक गुणांक ०.४ आणि गतिक ०.३, जमिनीचा गुणांक दोन्ही प्रकारच्या घर्षणांसाठी ०.२, आणि बल आता खालच्या ठोकळ्यावर. ते बल आळीपाळीने १०, ३० आणि ४८ न्यूटन असताना दोन ठोकळ्यांमधील घर्षण प्रत्येक वेळी किती असेल? ३० न्यूटनला ६ न्यूटन येते आणि दोघांचे त्वरण ३ असते. ४८ न्यूटनलाही ६ च न्यूटन येते, पण वरच्याचे त्वरण ३ आणि खालच्याचे ७.५ असते. दोन्ही ठिकाणी ६ का आले आणि त्या दोन सहांमध्ये फरक काय, हे वहीत लिही. १० न्यूटनचे उत्तर मी देत नाही. ते काढताना कोणताही गुणाकार करण्यापूर्वी वरच्या ठोकळ्याची एकट्याची आकृती काढ, आणि आलेले उत्तर पुढच्या पत्रात कळव.